पाचव्या गाण्यातला उजेड

१

यशोदाबाई फ्लॅशमुळे पडल्या, याबाबत करमटोल्यात कुणाचं दुमत नव्हतं. फ्लॅश कुणी मारला याबाबतही गावाने ऊन कलायच्या आत एकमत करून टाकलं होतं. एकदा गावाचं एकमत झालं की तिथे देवाचंही काही चालत नाही.

दिवाळीनंतरच्या मंडईचा, म्हणजे गावच्या जत्रेचा तो दिवस. बाहेर जिलेबी, फुगे, नव्या साड्यांची गर्दी. आत रंगीत कापडाने चारी बाजूंनी बंद केलेला मंडप, भर दुपारी संध्याकाळ झाल्यागत अंधारलेला. मंचावर यशोदाबाई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत वाकून या बाईने धान रोवलं आणि रोवता रोवता गाणी म्हटली. साठी उलटल्यावर कुणीतरी ती मोबाईलवर टाकली, आणि आता गावोगावच्या मंडयांतून त्यांना बोलावणी येत. पंधराच दिवसांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मंडळाचा सचिव हेमेंद्र पटले याने माइकवरून तीनदा बजावलं होतं की फ्लॅश कुणी मारायचा नाही. चार गाणी सुरेख झाली. पाचव्या गाण्यात बाई गात गात मंचाच्या कडेला आल्या, आणि वीज पडावी तसा लख्ख पांढरा उजेड झाला. त्यांनी डोळ्यांवर हात घेतला, एक पाऊल पुढे टाकलं, आणि त्या पावलाखाली फळी नव्हती.

खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाच्या दवाखान्यात त्या आडव्या होत्या.

उमरावकाका बोपचे त्या वेळी पहिल्या रांगेत होते, तरी त्यांनी काही पाहिलं नव्हतं. याची त्यांना तीन दिवस लाज वाटत होती. तिरोड्यात चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ. त्या दिवशी मंडळाने त्यांना चकवलं. पाहुण्यांच्या रांगेचा फोटो त्यांनी नेहमीसारखा दोन उजेडांनी काढला, एक कॅमेऱ्यावरचा आणि एक बाजूचा, म्हणजे टोकाला उभ्या पोलीस पाटलाचा चेहरा काळा येऊ नये. कॅमेरा खाली घेतात न घेतात तोच माइकवरून त्यांचंच नाव पुकारलं गेलं. शाल, श्रीफळ, मंचाच्या खांबावर त्यांच्या हसऱ्या तोंडाचा बॅनर! त्यांची शिष्या दामिनी हिने त्यांच्या हातातला कॅमेरा काढून घेतला आणि त्यांना वर ढकललं. मग सरपंचाशेजारी पहिल्या रांगेत बसवलं, गळ्यात हार तसाच. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते कार्यक्रम बसून पाहत होते. पाचव्या गाण्यात मांडीवरचा नारळ घरंगळला, तो उचलायला ते वाकले, तेव्हा त्यांना पायांखालची जमीन पांढरी झालेली दिसली. मान वर करेपर्यंत बाई खाली होत्या.

शुक्रवारी सकाळी हेमेंद्र स्टुडिओत आला आणि उभ्याउभ्याच बोलला.

“काका, दामिनीले तुमीच शिकवलं ना?”

“हो. मीच.”

“तिनंच मारला फ्लॅश. एवढा मोठा उजेड मोबाईलचा नसते. मोठे कॅमेरे मंडपात दोघाईपाशी. तुमी तं खुर्चीवर होते, मी सोता पायलं. मंग रायलं कोन?”

“दामिनी फ्लॅश नाई मारनार, हेमेंद्र.”

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक पुठ्ठा टांगलेला होता, त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात गाण्याच्या कार्यक्रमात कॅमेरा कसा वागवावा ते लिहिलेलं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी पाठ करावं लागे. पहिली तीन गाणी समोरून, मग मागे जायचं. लोक गाणं पाहायला आलेत, तुझी पाठ पाहायला नाही. गाणाऱ्याच्या डोळ्यांत फ्लॅश नाही. गाणं सुरू होण्याआधी आपला पसारा आपण उचलायचा. कलावंत पाणी पिताना, घाम पुसताना फोटो नाही. आणि अगदी खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: कलावंत पडला-चुकला तर कॅमेरा खाली, तसा फोटो निघालाच तर कुणाला दाखवायचा नाही.

हेमेंद्रने पुठ्ठ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “एतवारी बारा गावच्या मंडळाईची बैठक हाये. ठराव होईल. कोनत्याच मंडईत तिले कॅमेरा घेऊन उभं करायचं नाई. तिचा कॅमेरा माया आलमारीत बंद हाये.”

पोरगी तेवीस वर्षांची. घरच्यांनी मोठ्या मुश्किलीने तिच्या हातात कॅमेरा राहू दिला होता. ठराव झाला की तो कायमचा सुटला, हे कुणी सांगायची गरज नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

“बैठकीपर्यंत मले फिरू दे,” ते म्हणाले. “ज्यानं केलं त्याले मी आनून उभा करतो.”

“फिरा. पन एक आयकून जा.” हेमेंद्र दारात थांबला. “तिनं कॅमेरा देला, पन त्यातलं कार्ड काढून घेतलं. साफ मनाचा मानूस कार्ड काऊन काढीन?”

तो गेला. उमरावकाकांनी शबनम खांद्यावर टाकली. काउंटरखाली मंडपवाल्याने आणून टाकलेली थैली होती आणि थैलीवर घडी केलेली सत्काराची शाल. तीन दिवस त्या शालीकडे पाहायची त्यांची हिंमत झाली नव्हती.

२

दामिनीच्या अंगणात धानाचे भारे येऊन पडले होते. ती एका भाऱ्यावर बसली होती. रिकाम्या हातांचं काय करावं ते न समजल्यासारखी ती काड्या मोडत होती.

“पाचव्या गान्याले तू कुठं होती?”

“मागे. सगळ्यात मागे. तीन गाने झाले, मी मागे गेली. तुमीच तं सांगता.”

“कोनं पायलं?”

“कोन पाहीन काका? सारे मंचाकडे पाहून रायले होते.”

“तुया फ्लॅश?”

“बॅगीत होता. सेल बी नवते त्यात.”

उमरावकाकांना हायसं वाटलं. त्यांनी हात पुढे केला. “मंग कार्ड दे. त्यातले फोटो मागून काढलेले दिसतीन. बैठकीत दाखवू, काम खतम.”

दामिनीने मान खाली घातली. “कार्ड नाई देत.”

“काऊन?”

“नाई देत, काका.”

“अवं, तुया सारा धंदा जाऊन रायला! काय हाये त्या कार्डात?”

तिने वर पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज घट्ट होता. “कोनालेच नाई दाखवायचं. तुमाले तं नाईच नाई.”

परत येताना स्कूटर रस्त्यावर होती, पण काकांचं मन ठिकाणावर नव्हतं. तीन वर्षं जिला शिकवलं ती आपल्यापासून काय लपवते आहे? पहिल्यांदाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. हेमेंद्र खरंच बोलत असेल तर?

३

हेमेंद्रची पुतणी टीना मंडईभर मोबाईल काठीला लावून फिरत होती. तिच्या रीलला हजारो लोक अंगठे दाखवतात, असं घरात अभिमानाने सांगितलं जाई. पाचवं गाणं चालू असताना ती पहिल्या रांगेपुढे मंचाकडे पाठ करून उभी होती आणि स्वतःचाच व्हिडिओ काढत होती. तिच्या खांद्यावरून मागे मंच दिसत होता.

“हा पहा काका. इथं बाई पडते.” हेमेंद्रच्या घरी, त्याच्यादेखतच टीनाने बोटाने दाखवलं. “मी टाकला नाई कुठं. हेमेंद्रकाका म्हने, बैठकीनंतर टाक.”

म्हणजे टाकायचा विचार होताच. उमरावकाकांनी ओठ आवळले आणि व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. दहाव्यांदा त्यांनी तो बरोबर उजेडाच्या क्षणाला थांबवला.

“हेमेंद्र, इकडे ये. बाईची सावली पाय. कुठं पडली?”

हेमेंद्र वाकला. “पेटीवाल्यावर.”

“पेटीवाला कुठं बसला होता?”

“मंचाच्या डाव्या टोकाले.”

“समोरून फ्लॅश मारला तं सावली मागच्या पडद्यावर जाते. ही आडवी गेली. उजेड उजव्या बाजूनं आला. उजव्या खांबाकडून.”

पण हार मानील तर तो हेमेंद्र पटले कसला? “मंग पोरगी उजव्या खांबापाशी असन.”

“आता दुसरं पाय.” उमरावकाकांनी बोट टीनाच्या चेहऱ्यावर नेलं. “टीना, तुयी पाठ मंचाकडे ना? मंग तुया तोंडावर उजेड कसा पडला? नाकातली मोरनी कशी चमकली?”

टीनाने मोबाईल हिसकावल्यासारखा जवळ ओढला आणि पाहिलं. खरंच, मागे मंच लख्ख झाला होता आणि त्याच क्षणी तिच्या नाकातला खडाही चमकला होता.

“मंचाकडला उजेड तुया पाठीवर पडन, तोंडावर नाई,” उमरावकाका म्हणाले. “तोंडावरचा उजेड लोकाईतून आला. लहान होता, पन होता. हेमेंद्र, तुमी एक फ्लॅश धुंडून रायले. तिथं दोन होते.”

४

उजव्या खांबाच्या बुडाशी दिवसभर एकच माणूस बसून होता: मंडप आणि साउंडवाला दुर्गेश. शनिवारी सकाळी तो दुसऱ्या गावच्या मंडईचे बांबू उतरवताना सापडला. काका काय विचारायला आले ते कळताच तो उखडला.

“मायापाशी कॅमेरा नाई, मोबाईलची काच फुटून हाये. माया नावानं बिल नका फाडू, काका.”

“नाव नाई घेत बावा. काय दिसलं ते सांग.”

दुर्गेशने गमछ्याने मान पुसली. “दिसलं काई नाई. मी मिक्सरवर वाकून होतो, बाईचा आवाज फाटून रायला होता. उजेड माया डोस्क्यावरून गेला. माया बाजूनं नाई, वरतून. आन टक् करून आवाज आला. मले वाटलं फ्यूज उडाला. पायलं तं लाइन चालू.”

“टक्?”

“हो जी. बारीक.”

तो आवाज उमरावकाकांना ओळखीचा वाटला. इतका ओळखीचा, की कुठे ऐकला तेच आठवेना.

“वर काय काय बांधलं होतं त्या खांबाले?”

“काय राहीन? झालर, बल्बाची मार, तुमचा बॅनर. मंडप सोडला तवा ज्याचं त्याले पोचवलं सारं. तुमची थैली बी आनून देली ना दुकानात?”

“देली, देली,” उमरावकाका घाईने म्हणाले. त्यांना दुसरीच घाई होती. “मानूस चढू शकते का त्या खांबावर?”

“माकड चढन. मानूस चढला तं मंडप खाली येईन.”

म्हणजे वर माणूस नव्हता आणि उजेड तर वरूनच आला. निघता निघता त्यांनी सहज विचारलं, लोकांत कुणापाशी मोबाईल सोडून साधा कॅमेरा दिसला होता का.

दुर्गेश बांबू खांद्यावर घेता घेता थांबला. “श्यामलालबुढा होता ना, चोरखमाऱ्याकडला. पाचव्या-सहाव्या रांगेत. पडल्यावर सारे मंचाकडे धावले, हा बुढा उलटा बाहेर पळाला.”

५

चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या शिवारात धानाची कापणी जोरात होती, पण श्यामलाल रहांगडाले घरीच होता. बाजेवर पडून. उमरावकाकांना दारात पाहताच त्याची पाचावर धारण बसली. विचारायचीही गरज पडली नाही.

“पुलिस आले का?” त्याने विचारलं.

“मी एकटाच आलो, दादा.”

म्हातारा उठला, आत गेला, धानाच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून त्याने एक छोटा डिजिटल कॅमेरा वर काढला. त्याला तूस चिकटलं होतं.

“पोरगा पुन्याले हाये. त्यानं आपला जुना पाठवला, म्हने बाबा, मंडईचे फोटू काढा. यशोदा आन मी एकाच गावचे, लहानपनी एकाच बांधीत रोवना केला. म्हटलं एक फोटू मारावा. मले काय मालूम तो मनानंच फ्लॅश मारते!” त्याने कॅमेरा काकांपुढे केला. “चार दिवस झाले, भाकर गिळत नाई. मायानं पडली ना ती?”

उमरावकाकांना त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. त्यांनी कॅमेरा पुसला आणि म्हाताऱ्याला घेऊन गुरांच्या अंधाऱ्या कोठ्यात गेले. पाचव्या रांगेपासून मंच जेवढा दूर तेवढी पावलं मोजून ते टोकाला उभे राहिले.

“मार फोटो. माया तोंडावर.”

श्यामलालने बटण दाबलं. पलीकडे काजवा चमकावा एवढाच उजेड झाला. काकांनी पापणीही लववली नाही.

“दादा, एवढ्यानं कोंबडी बी डोळे नाई मिटनार. भाकर खा. बाई तुयानं नाई पडली.”

श्यामलाल तिथेच शेणाच्या जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. उमरावकाका मात्र हलले नाहीत. टीनाचा व्हिडिओ त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. टीनाच्या तोंडावरचा काजवा आणि मंचावरची वीज एकाच वेळी. एकामागून एक नव्हे; एकाच क्षणी. दोन माणसं ठरवूनही असं बटण दाबू शकत नाहीत. खांबावर तर माणूसच नव्हता.

दुसरा फ्लॅश माणसाने मारलाच नव्हता. तो पहिल्याला पाहून आपोआप पेटला होता.

असं एक यंत्र असतं. त्यावर इवलासा डोळा असतो. दुसरा फ्लॅश दिसला की ते स्वतःही पेटतं. जुने फोटोग्राफर रांगेच्या फोटोला बाजूने उजेड द्यायला ते लावत. स्लेव्ह लाइट. आता रिमोटवाले फ्लॅश आल्यापासून ते कुणी वापरत नाही. सगळ्या तालुक्यात तसं एकच उरलं होतं.

“दादा,” उमरावकाका म्हणाले, आणि त्यांना आपला आवाज ओळखू आला नाही, “हा कॅमेरा एक दिवस मले दे.”

६

स्टुडिओचं शटर त्यांनी आतून अर्धं ओढून घेतलं. शाल उचलून खुर्चीवर टाकली. थैलीचं तोंड दुर्गेशने सुतळीने बांधलं होतं, त्यांनी ते सोडलं.

आत क्लॅम्प होता आणि क्लॅम्पला लावलेला त्यांचा स्वतःचा स्लेव्ह लाइट. त्याचा खटका चालू होता. सेल तीन-चार दिवसांत मरून गेले होते.

त्यांनी नवे सेल घातले. लाइट कपाटावर ठेवला, श्यामलालचा कॅमेरा भिंतीकडे धरला आणि बटण दाबलं.

टक्. सगळी खोली पांढरी झाली.

त्यांना सगळं आठवलं, अगदी शालीच्या काठासकट. पाहुण्यांच्या फोटोसाठी त्यांनीच तो उजव्या खांबावर बांधला होता, मंचाकडे तोंड करून. फोटो झाला की खाली घ्यायचा, चाळीस वर्षं हात आपोआप तेच करत आले होते. पण त्या दिवशी नाव पुकारलं गेलं. हार पडला, शाल पडली, पुढची खुर्ची मिळाली. गाणं सुरू होण्याआधी त्यांना लाइट आठवलाही होता! आता हे खरं सांगायचं तर सांगितलंच पाहिजे: आठवला होता. पण अंगावर शाल, गळ्यात हार, शेजारी सरपंच. अशा थाटात स्टुलावर चढून खांबाला लटकायचं? लोक हसले असते. काढू नंतर, फ्लॅश कोण मारतंय, असं म्हणून त्यांनी मांडीवरचा नारळ सावरला होता. मोबाईलच्या उजेडाला तो लाइट दाद देत नाही, म्हणून चार गाणी गप्प राहिला. पाचव्या गाण्यात म्हाताऱ्याच्या कॅमेऱ्याने काजवा दाखवला, आणि बाई नेमक्या त्या खांबापाशी आलेल्या होत्या.

भिंतीवरचा पुठ्ठा समोरच होता. गाणं सुरू होण्याआधी आपला पसारा आपण उचलायचा. अक्षर त्यांचंच.

मग मनात आलं ते फार वाईट होतं. हे कुणाला कळणार? दुर्गेशला थैलीत काय ते माहीत नाही. श्यामलाल तोंड उघडणार नाही. लाइट तलावात टाकला की झालं. काजव्याची गोष्ट सांगून दामिनीलाही थोडीफार सोडवता येईल. थोडीफार. उरलेला संशय तिच्यामागे जन्मभर फिरेल, पण बारा गावांत उमराव बोपचेचं नाव राहील.

ते बराच वेळ बसून राहिले. माणूस स्वतःला किती स्वस्तात विकायला काढतो, याची त्यांना शिसारी आली.

७

रविवारी सकाळी ते दामिनीच्या अंगणात गेले. लाइट तिच्यापुढे भाऱ्यावर ठेवला.

“माया होता,” ते म्हणाले. “मी काढला नाई.”

दामिनीने लाइटकडे पाहिलं, पण दचकली नाही. ते पाहून काकाच दचकले. ती उठून आत गेली आणि टिकल्यांच्या पाकिटातून कार्ड काढून आणलं. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर तिने एकच फोटो उघडला.

मंडपाच्या अगदी मागून काढलेला फोटो. समोर शेकडो डोकी. मंचावर यशोदाबाई, हात डोळ्यांवर, एक पाय हवेत. आणि उजव्या खांबावर, बॅनरवरच्या उमरावकाकांच्या हसऱ्या तोंडाच्या थेट वर, एक पांढरा तारा पेटलेला.

“तुले मालूम होतं,” काका म्हणाले. “पयल्या दिवसापासून.”

“स्टूल मीच धरला होता ना, तुमी बांधला तवा. मले बी आठवलं नाई काढायचं.”

“हा फोटो दाखवला असता तं त्याच दिवशी सुटली असती! काऊन नाई दाखवला?”

दामिनी चिडली, पहिल्यांदाच. “कसा दाखवू? पुठ्ठ्यावर कोनं लिहून ठेवलं? पडत्या मानसाचा फोटो कोनाले दाखवायचा नाई.” मग हळू आवाजात म्हणाली, “यात दोघं पडून रायले, काका.”

उमरावकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला, कारण उचलायचं बळ नव्हतं.

तिथून ते गोंदियाला दवाखान्यात गेले. यशोदाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं, शालीचं आणि सरपंचाच्या खुर्चीचंही. बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. पुष्कळ वेळाने एवढंच विचारलं, “पोरीचा कॅमेरा देला का वापस?”

“आज देववतो.”

“मंग इथं काऊन बसले? जा.”

दुपारी समाजमंदिरात बारा गावची मंडळी जमली होती. हेमेंद्र ठराव वाचायला उठला तेव्हा उमरावकाकांनी त्याला हाताने थांबवलं. त्यांनी खिडक्या लावायला सांगितल्या. लाइट थैलीतून काढून टेबलावर मधोमध ठेवला, श्यामलालचा कॅमेरा वर धरला आणि बटण दाबलं. टक्. पन्नास माणसांनी एकदम डोळ्यांवर हात घेतले.

“हाच उजेड,” काका म्हणाले. “हा लाइट माया. मी बांधला, मी काढला नाई. लोकाईतून एक बारका फ्लॅश पेटला, त्याले पाहून हा पेटला. त्या बारक्यानं कोनी पडलं नसतं.”

“बारका कोनाचा?” कुणीतरी ओरडलं.

काकांनी कॅमेरा शबनमीत घातला. मागच्या भिंतीपासून श्यामलाल उठला. “माया,” तो म्हणाला, आणि बसला.

“पन तुमी तं खुर्चीवर होते!” हेमेंद्र पुटपुटला. “मी सोता पायलं.”

“खुर्चीवर होतो म्हनून तं झालं, बाबा.” उमरावकाकांनी शबनमीतून शाल काढून टेबलावर ठेवली. “शाल घेऊन खांबावर चढाची लाज वाटली मले. तुमी ठराव करा. माया नावाचा करा. पोरीनं तीन गान्यानंतर कॅमेरा मागे नेला होता. तिच्याएवढं शिस्तीत बारा गावात कोनी नाई, मी बी नाई.”

हेमेंद्र बाहेर गेला आणि कॅमेरा घेऊन आला. दोन्ही हातांनी त्याने तो दामिनीपुढे धरला. तिने घेतला, गळ्यात अडकवला, पट्टा सरळ केला. ठराव वाचला गेलाच नाही. कागद हेमेंद्रच्या खिशात गेला.

उमरावकाका अजून टेबलापाशी उभे होते. हात टेबलाच्या कडेवर, मान खाली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. चाळीस वर्षांचं नाव पाच मिनिटांत गेलं होतं.

पुढच्या रांगेत टीनाची काठी वर झाली. तिच्या टोकाचा मोबाईल काकांच्या चेहऱ्याकडे वळला.

दामिनी चार ढांगांत तिथे पोचली. तिने पंजा उघडून मोबाईलच्या भिंगावर ठेवला.

“खाली घे,” ती म्हणाली. “पडल्या मानसाचा फोटो नाई काढत.”

टीनाने काठी खाली घेतली. दामिनीने स्वतःच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपण लावलं. मग टेबलापाशी जाऊन तिने त्या लाइटचा खटका बंद केला आणि तो थैलीत घातला.